हसलो आन् पूल गेला

...तर पुन्हा हसलोच की मी. तोंडात रुमाल कोंबला, जीभ चावली, सासूच्या मयताची आठवण काढली... छ्या, तिनं तर आणखीनच हसू यायला लागलं. आन् समोर कोण, तर देशाचा पंतप्रधान, लँगरिश. आन् भांडायला गेल्यालं कोण, तर मी, सेथ थॉर्नबर, ज्याच्या तोंडाला लागायला ह्या खोऱ्यात कुत्रं सुदिक भितं. मेंढ्यांच्या लिलावात तीन माणसं आडवी केल्याली हायेत मी, तुमास्नी सांगतो. आन् ह्या लँगरिशच्या म्होरं बसलो की मला हसू येतं. काय करू?

झालं काय, ऑक्टोबरात नदीला पूर आला आन् आमचा पूल पडला. साधा दगडी पूल, दोन मेंढ्या शेजारी-शेजारी गेल्या की भरला. पण माझं घर अल्याड आन् साठ मेंढ्या पल्याड डोंगरावर, कारण अल्याडच्या पाणथळात गवत न्हाई, नुस्ते बेडूक. पूल व्हता तवा दहा मिनटं, आता वळसा अकरा मैलांचा. आन् मार्चात मेंढ्या विणार. कोकरू आडवं आलं तर हात कोण घालणार, मेंढीचा बाप? जिल्ह्याच्या कचेरीत गेलो तर म्हणं, फाईल वर गेलीया. वर म्हंजे कुठं? तर म्हणं, वर. मी म्हणलं, वरचा माणूस तर आमचाच हाय की, आमच्याच मतावर निवडून आल्याला, महिन्यातनं एका शनवारी चॅपेलच्या हॉलात गाऱ्हाणी ऐकत बसतो. आमची एडना म्हणली, "अवो, जाताय तर जावा, पण शिव्या देऊ नगा. पंतप्रधान हाय तो." म्हणलं, शिव्या कशाला देतोय, नुस्ता वराडतो.

गेलो. लँगरिश बसल्याला, ढगळा कोट, एका हातात चहा, मिशीला बिस्किटाचा चुरा. मी वाटभर पाठ केल्यालं, आत पाय टाकला आन् सोडलंच, "साहेब, पूल पडलाय, मेंढ्या मरायला लागल्यात, आन् तुमी हितं चहा पिताय व्हय?"

तर हा माणूस शांतपणे कप खाली ठेवतो आन् म्हणतो, "थॉर्नबर, तीनशे वर्षं उभा होता हो तो. तुम्ही तीनशे वर्षं एका जागी उभे राहून बघा, तुम्हालाही जरा बसावंसं वाटेल."

आता ह्यात हसण्यासारखं काय हाय? काय न्हाई. मी दात-ओठ खाऊन म्हणलं, मग उठवा की त्याला. तर म्हणतो, "माझ्या मंत्रिमंडळात नऊ जण बसलेत, चार वर्षांत एकाला उठवता आलं नाही मला. हा तर दगडाचा आहे."

आन् मला हसू आलं. काय करू? नाकातनं आलं.

घरी गेलो, एडना दारात. "काय म्हणाले?" मी सांगितलं. ती हसली. मी म्हणलं, हसतीस काय, भवाने, मेंढ्या मरतील. तर म्हणती, "तुमी बी हसताय की."

म्होरल्या महिन्यात पुन्हा गेलो. ह्या टायमाला ठरवून, खाली मान घालून, त्याच्या तोंडाकडं बघायचंच न्हाई. म्हणलं, साहेब, तुमास्नी जमत नसंल तर सांगा, विरोधी पक्षवाला पूल देतो म्हणतोय. तर हळूच पुढं वाकून, जणू घरचं गुपित सांगतोय असं, "देतील हो. आधी समिती देतील. मग समितीला बसायला इमारत देतील. मग त्या इमारतीकडे जायला पूल बांधतील. तो तुमच्या गावात नसेल." मी मान खालीच. पण खांदे हलायला लागले माझे. त्यानं बघितलं. म्हणला, "माझं तत्त्व साधं आहे, थॉर्नबर. सरकारनं काही केलं की दोन घोटाळे होतात, एक केल्याचा आणि एक निस्तरल्याचा. काहीच नाही केलं तर एकच होतो, आणि तो देवाच्या नावावर जातो."

आता ही काय देश चालवायची रीत झाली? मी इचारतो तुमास्नी. असला गडी मी मेंढ्या राखायला ठेवणार न्हाई. पण तवा... तवा मला हसू आलं, बाकावरनं खाली घसरलो, आन् हॉलात आल्याली पाद्र्याची बायको म्हणली, "मिस्टर थॉर्नबर, इतके आनंदी कधी दिसला नव्हता तुम्ही."

मग आला फेब्रुवारी. मी म्हणलं, आता माणसाचं काम न्हाई. मेंढीच नेली. पोटुशी, ही एवढी फुगल्याली. वळशानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं आणली आन् हॉलात नेऊन त्याच्या टेबलाम्होरं उभी केली. रांगेतली माणसं बाजूला झाली. लँगरिश उठून उभा राहिला आन् मेंढीला म्हणतो, "बसा बाई. वर्षभरात माझ्याकडे आलेल्या तुम्ही पहिल्या, ज्यांना मंत्रिपद नको आहे."

सगळा हॉल हसला. आन् माझं टाळकं सरकलं. म्हणलं, "साहेब, ही मेंढी आन् तुमचं सरकार, दोघं बी दिवसभर बसून नुस्तं रवंथ करत्यात. पण ही वर्षातनं एकदा तरी काहीतरी जन्माला घालती."

मग लँगरिश हसला. असा हसला, चहा सांडला, डोळं पुसलं, खिशातनं बारकी वही काढली आन् लिहून घेतलं. घरी येऊन मी एडनाला म्हणलं, जिंकलो. पूल लिहून घेतला त्यानं.

बुधवारी टीव्हीवर पार्लमेंट. लँगरिश उभा राहिला, विरोधी पक्षाकडं बोट केलं आन् म्हणला, "समोरची मंडळी आणि आमच्या खोऱ्यातली मेंढी, दोघंही दिवसभर बसून रवंथ करतात..." माझंच. शब्दन् शब्द. सगळं पार्लमेंट बाकं बडवतंय, आन् एडना पदरानं... हे आपलं, एप्रनानं डोळं पुसत म्हणती, "केवढा हुशार माणूस हाय हो." माझ्याच घरात. माझ्याच खुर्चीत बसून.

आन् मी? हसलो. त्यानं सांगितलं बी झ्याक, माझ्यापरास झ्याक.

दुसऱ्या दिवशी त्याच्या कचेरीतनं फोन. कोण मिस ट्विसल्टन, आवाज एकदम लोण्यासारखा. "थॉर्नबर, शुक्रवारी साहेबांचं मोठं भाषण आहे. आणखी काही गाऱ्हाणं आहे का?" म्हणलं, पूल बांधा, मग सांगतो. तर ती इचारती, "पूल झाल्यावर तुम्ही चिडाल का हो?" म्हणलं, कशाला चिडीन? तर म्हणती, "मग आम्ही काय करायचं?"

मार्च उजाडला. पहाटे ट्रॅक्टर काढला, अकरा मैल, दोन फाटकं, वाटेत एक झाड आडवं पडल्यालं. डोंगरावर पोचलो तर... तुमास्नी सांगतो, कोकरंच कोकरं. रातीत सतरा व्याल्या, सगळ्यांची पोरं पायावर उभी, लुचत्यात, शेपट्या हलत्यात. पुढल्या आठवड्यात उरल्याल्या बी तशाच मोकळ्या झाल्या. एक अडली न्हाई, एक मेलं न्हाई. कुणी कायबी केलं न्हाई आन् सगळं नीट झालं. म्हणलं, हे लँगरिशला कळलं तर पूल मेला. एडनाला शपथ घातली, कुणाला सांगायचं न्हाई.

शनवारी गेलो. तोंड लांब केल्यालं. लँगरिशनं मला निरखून बघितलं. "मग थॉर्नबर? मेंढ्यांचे फार हाल झाले?"

म्हणलं, "लई हाल, साहेब. लई."

"सरकारवाचून अडलं त्यांचं?"

आन् मला हसू आलं. दाबलं, फुटलं, टेबल धरून हसलो. त्यानं वही काढली न्हाई. नुस्तं माझ्या पाठीवर थोपटलं आन् दुसऱ्या माणसाला बोलावलं.

मे महिन्यात निवडणूक झाली. समोरचा उमेदवार दारात आल्याला, नकाशा घेऊन. पूल कुठं, दगड कुठला, किती दिवसात, सगळं छापून. भला माणूस. तासभर बोलला.

मत लँगरिशला दिलं. अवो, अकरा मैलांचा वळसा हाय, ट्रॅक्टरवर एकटा माणूस... वाटेनं आठवून हसायला कायतरी नगं का?