पेटीतली माणसं हसतात

...अहो, हसू नाही आलं तर नाही आलं, पण निदान ओठ तरी हलवावेत माणसानं! तुम्हाला सांगतो, रविवारची दुपार, भाजलेलं मटण आणि पुडिंग पोटात, बाहेर आमच्या किथली गावाचा तो चिकट पाऊस, आणि मी, नॉर्मन ऑल्डरॉइड, वय वर्षं बाहत्तर, घरातले पडदे ओढून 'हरवलं-सापडलं' लावून बसलोय...

'हरवलं-सापडलं' माहीत नाही? शहात्तर सालची मालिका हो! स्टेशनावरचं हरवलेल्या सामानाचं ऑफिस, तिथला तो खडूस कारकून प्रॉबर्ट, साहेब आला की कुणाच्या तरी ट्रंकेत लपणारा! रविवारी संध्याकाळी रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही. तेही बघत असणार! तर नातीनं वाढदिवसाला सगळे भाग डीव्हीडीवर आणून दिले. माळ्यावरून यंत्र काढलं, त्याची वायर मिळेना, मिळाली ती टोस्टरच्या खोक्यात, का ते मला विचारू नका... आणि लागलं एकदाचं! साहेब आला, प्रॉबर्ट ट्रंकेत शिरला, झाकण पडलं धाडकन, आणि पेटीतली माणसं खदाखदा! म्हणजे ते प्रेक्षक हो, जे टीव्हीच्या पेटीतून नुसते ऐकू येतात. निम्मे एव्हाना वर गेले असतील, पण हसणं बघा!

आणि आमच्या घरात? चिडीचूप!

नात म्हणते, टॅमसिन, चोवीस वर्षांची घोडी, "आजोबा, यात विनोद कधी येणार?" "अगं, येऊन गेला!" "कुठला? तो माणूस गुदमरत होता तो?" आणि गेली की मैत्रिणीकडे! बरं, ती आजची पोर, तिला काय कळतंय. पण ग्लेनिस? माझी बायको? ती तर बसली होती हाताची घडी घालून, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी! प्रॉबर्टनं ट्रंकेतून एक हात बाहेर काढला, साहेबाचा चहा पळवला... पेटीतली माणसं खदाखदा! ग्लेनिस ढिम्म.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? अहो, माझं लग्न आहे त्यात! तिच्याआधी मी पॅट्रिशा बेन्सनबरोबर फिरत होतो. दिसायला... जाऊ दे. तिला आईकडे रविवारच्या चहाला नेलं, ही मालिका लागली, आणि बाई अख्खा भाग दगडासारखी बसली. दुसऱ्या दिवशी तोडलं! जिला प्रॉबर्ट कळत नाही तिच्याबरोबर जन्म काढायचा? मग ग्लेनिसला नेलं. तर ही हसली... हसली म्हणजे किती! डोळ्यांत पाणी, हातातला पीचचा वाडगा लटलटतोय, शेवटी तोंडात रुमाल कोंबला. मी मनात म्हटलं, नॉर्मन, हीच!

म्हणून यंत्र थांबवलं आणि विचारलं, "ग्लेनिस, अगं आईकडे तू याच भागाला रडेपर्यंत हसली होतीस!"

"याला नव्हते हसले."

"मग?"

"तुझ्या बाबांना. ते हसले की त्यांची वरची कवळी सटकायची, आणि ते जिभेनं परत आत ढकलायचे. मी बरोब्बर समोर बसायचे ना."

सत्तेचाळीस वर्षं! सत्तेचाळीस वर्षं मी जगाला सांगत आलोय की आमची आवड एक! मी म्हटलं, "म्हणजे मी कवळीवर लग्न केलं?"

तर शांतपणे म्हणते, "तू कशावर केलंस ते तू बघ. मी आले होते तुझ्यासाठी. तू मात्र मला मालिकेसाठी पसंत केलंस."

मी घाईघाईनं यंत्र चालू केलं, पेटीतली माणसं खदाखदा... ती मेली अशा वेळी तर जास्तच हसतात!

"आणि काय रे," ग्लेनिस म्हणाली, "तू तरी कुठे हसलास मघापासून?"

तुम्हाला खोटं कशाला सांगू... नव्हतो हसलो. एकदासुद्धा! मी आपला सारखा या दोघींच्या तोंडाकडे बघत होतो, हसतायत का म्हणून. आणि प्रॉबर्टकडे बघितलं तेव्हा वाटलं, अरे, हा तर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान दिसतोय, आणि हा ट्रंकेत काय करतोय? बाबा हसायचे, तेव्हा मी बाबांकडे बघायचो का हो? नाही बघितलं. नाहीतर ती कवळी मलाही दिसली असती.

मी उठलो, तबकडी काढून खोक्यात घातली. तर ही म्हणते, "काढलीस कशाला? पुढचा भाग लाव."

माझा चेहरा उजळला हो! "म्हणजे तुला आवडायला लागलं?"

"छे रे! पण मघाशी तू मधे दहा मिनिटं घोरत होतास. घरात इतकी शांतता सबंध वर्षात मिळाली नव्हती."

लावला पुढचा. काय करणार? एकोणीस भाग आहेत अजून... पण झोप, तुम्हाला सांगतो, फार छान लागते!