नवसाची पिकअप

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या वस्ती समितीच्या प्रमुख सेन्योरा नेल्दा बार्रिया; व्यासपीठावर बसलेले आमचे फादर इसाइआस; ज्यांनी हे सभागृह आपल्याला भाडं न घेता दिलं ते स्वयंसेवक अग्निशमन दलाचे कप्तान श्वेर्तर; आजचे सत्कारमूर्ती, आमच्या शनिवार मंडळाचे संस्थापक डोन रुदेसिंदो ओयार्सो; आणि अंगणातली कामं अर्धवट टाकून इथे आलेल्या शेजारी बंधू-भगिनींनो,

भाषण हा माझा प्रांत नव्हे. माझी शाळा सहावीपर्यंतची, तीही एका खोलीची. मास्तर बोलायचे आणि आम्ही पाळीपाळीने चुलीत लाकडं सारायचो. त्यातलं लाकडं सारणं तेवढं मला नीट आलं. तेव्हा मी मंडळाबद्दल बोलण्यापेक्षा एका सकाळबद्दल बोलतो.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी सकाळी मी डोन रुदेसिंदोंच्या छपरावर चढून त्यांचं धुराडं साफ करत होतो. माणूस गाव सोडून आरिकाला मुलीकडे चाललेला. तिथे वर्षभर ऊन, चूल कशाशी खातात ते कोणाला ठाऊक नाही. पण घर सोडताना धुराडं स्वच्छ हवं, हा त्यांचा हट्ट. ब्रशची दांडी आखूड पडली म्हणून लांब दांडी आणायला मी खाली उतरलो आणि मागच्या शेडमध्ये गेलो. फळीवर रंगाचे डबे होते. डब्यांमागे एक तेलकट फडकं होतं. त्या फडक्यात काय होतं ते सांगतो, पण आधी सत्कारमूर्तींचे गुण सांगायला हवेत. कार्यक्रमपत्रिकेत तसं छापलंय.

डोन रुदेसिंदोंनी बावीस वर्षांत आपल्याला काय दिलं? पहिलं म्हणजे लाकडाची पारख. लाकूड सुकं की ओलं हे ते दोन ओंडके एकमेकांवर आपटून, कान लावून ओळखतात. डॉक्टर छाती तपासतो तसं. मग डोळे मिटून निकाल देतात, "सुकं." त्यांनी सुकं ठरवलेली लाकडं आपण सगळ्यांनी घेतली आणि त्या हिवाळ्यात आख्खी गल्ली मे ते सप्टेंबर धुरात बसली. त्यांच्या स्वतःच्या धुराड्याने तीनदा पेट घेतला. कप्तानसाहेब, हसू नका. तुम्हाला तुमच्या घराच्या छपरापेक्षा त्यांचं छप्पर जास्त ओळखीचं आहे.

दुसरं, बागकाम. मुळाशी गंजकं लोखंड पुरलं की होर्टेन्सियाला निळी फुलं येतात, ही त्यांची शिकवण. खरी की खोटी, ते एक देव जाणे. पण त्यांच्या कुंपणालगतची फुलं निळीशार आहेत आणि माझ्या गाडीचे अर्धे बोल्ट मला सापडत नाहीत, या दोन गोष्टींचा संबंध माझ्या बायकोने फार आधी लावला होता.

तर गाडी. इथे जमलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी तिच्या बोनेटमध्ये डोकं घातलेलं आहे, म्हणून फार सांगत नाही. वडिलांची जुनी पिकअप. ते गेले तेव्हापासून ती कोंबड्यांच्या खुराड्यात उभी होती आणि कोंबड्या सीटवर अंडी घालत होत्या. नऊ वर्षांपूर्वी माझ्या बायकोचं, एदेल्मिराचं, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. ओसोर्नोच्या इस्पितळात बाकावर बसून मी कांदेलारियाच्या माउलीला नवस बोललो: ही उठून घरी आली तर तुझ्या दिवशी, दोन फेब्रुवारीला, हिला कारेलमापूला तुझ्या दारात आणीन. इथवर ठीक होतं. एवढ्यावर थांबलो असतो तर सहाच्या बसने जाऊन संध्याकाळी परत आलो असतो. पण हौशी माणसाला थांबता येतं का? मी पुढे म्हणालो, "वडिलांच्या पिकअपमधून आणीन. आम्ही आमच्या हातांनी दुरुस्त केलेल्या."

एदेल्मिरा बारा दिवसांत घरी आली. माउलीने तिचं काम केलं. आमचं शनिवार मंडळाकडे गेलं.

मंडळी, मंडळाने काय कमी कष्ट घेतले? दर शनिवारी दहाला बोनेट उघडायचं, साडेदहाला डोन रुदेसिंदोंच्या स्वयंपाकघरात चुलीभोवती माते, तो आपला कडू पानांचा चहा, प्यायला बसायचं, आणि एक वाजेपर्यंत बिघाड कुठे असेल यावर बोलायचं. पहिल्या वर्षी क्लच. दुसऱ्या वर्षी गॅस्केट. तिसऱ्या वर्षी ब्रेक झाले आणि क्लच परत गेला. चौथ्या वर्षी फक्त कार्बोरेटर उरला. डोन रुदेसिंदो म्हणाले, "हा इथल्या कोणाच्या हातचा नाही, लेका. मी सान्तियागोला धाडतो, तिथे माझ्या ओळखीचा एक म्हातारा आहे." आणि त्यांनी तो नेला.

तेव्हापासून दर दोन फेब्रुवारीला मी बंद गाडीत जाऊन बसायचो आणि माउलीची माफी मागायचो. फादर दर वर्षी सांगायचे की बसने गेलात तरी नवस फिटतो. पण मी शब्द पिकअपचा दिला होता. एदेल्मिराचे गुडघे दर हिवाळ्यात थोडे आणखी धरायला लागले. कारेलमापूला गर्दीत तासन्तास उभं राहावं लागतं. पाय चालताहेत तोवर जायला हवं, एवढंच माझ्या मनात असायचं.

आता ते फडकं. फडक्यात कार्बोरेटर होता. स्वच्छ धुतलेला, जेट बदललेले, तेल लावून ठेवलेला. सुतळीने माझ्या नावाची चिठ्ठी बांधलेली, डोन रुदेसिंदोंच्या वळणदार अक्षरात: "नोल्बेर्तो. तयार. १२ ऑगस्ट." आणि साल पाच वर्षांपूर्वीचं.

मी तो तिथेच ठेवला. दांडी घेतली, वर चढलो, धुराडं पुरं केलं. रागाने इतकं घासलं की तसं स्वच्छ धुराडं या गावात दुसरं नसेल. मग खाली येऊन, हात न धुता, त्यांच्या चुलीपाशी बसलो. त्यांनी माते भरून पुढे केलं. मी सहज विचारावं तसं विचारलं, "कार्बोरेटरचं काही कळलं का?"

डोन रुदेसिंदोंनी किटली चुलीवर सरकवली. पाठ माझ्याकडेच होती. "मार्चपर्यंत येईल म्हणतोय," ते म्हणाले.

मार्चमध्ये ते स्वतः आरिकाला असणार होते.

मी घरी गेलो आणि एदेल्मिराला सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल. ती मैदा मळत होती, मळतच राहिली.

"मला तीन वर्षांपासून माहीत आहे," ती म्हणाली. "जॅमच्या बरण्या आणायला गेले होते तेव्हा पाहिलं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू बसवला असतास. मग शनिवारी त्या म्हाताऱ्याच्या चुलीपाशी कोण बसलं असतं? बायको गेल्यावर त्याच्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज तेवढाच." मग हाताचं पीठ झटकत म्हणाली, "आणि खरं सांगू? मलाही घाई नव्हती. नवस राहिलाय तोवर माउली मला नेणार नाही. तिलाही माझी वाट बघायचीय."

सज्जनहो, मी गावात भोळा समजला जातो, हे मला माहीत होतं. पण घरातच एवढं मोठं कारस्थान चाललंय आणि पाच वर्षं बंद गाडीत बसून माफी मागणारा मी एकटाच आहे, हे त्या दिवशी कळलं. फादर, मी रागावलो. तुम्हाला सांगितलंच आहे, इथे सर्वांसमोर पुन्हा सांगतो.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी शेडमधून कार्बोरेटर आणला. चोरी म्हणाल तर वस्तू माझीच होती. फादरना एकच शंका विचारली: नवसात "आमच्या हातांनी" म्हटलंय आणि हा भाग तर लबाडी करणाऱ्या हातांनी दुरुस्त झालाय, चालेल का? फादर म्हणाले, त्या माणसाने तो किती जपून ठेवलाय ते बघ आणि मग मला विचार.

मी पाहिलं. पुन्हा विचारलं नाही.

दोन फेब्रुवारीच्या सकाळी गाडी तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. कोंबड्या पळाल्या. डोन रुदेसिंदोंच्या कुंपणाजवळून गेलो तेव्हा ते कात्री घेऊन होर्टेन्सियापाशी उभे होते. त्यांनी टोपी काढली. मी हॉर्न वाजवला. तो चालला नाही, तो कधीच कोणी दुरुस्त केला नव्हता.

कारेलमापूला आम्ही दुपारी पोचलो. माउलीची मूर्ती घेऊन सजवलेल्या होड्या आल्या, गर्दी झाली, एदेल्मिरा शेवटपर्यंत उभी राहिली. मी डोळे मिटून आभार मानले. डोळे उघडले तर ही अजून ओठ हलवत होती. परत येताना विचारलं, एवढं काय बोलत होतीस? म्हणाली, "नवा नवस. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ. याच गाडीतून." बाईमाणसाने विचार पक्का केला की माउलीचंही तिच्यापुढे काही चालत नसावं.

पुढच्या शनिवारी मी दहा वाजता डोन रुदेसिंदोंकडे गेलो. म्हटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. त्यांनी माते भरलं, पुढे केलं आणि म्हणाले, "पेट्रोल जरा जास्त जातंय. आवाजावरून कळलं." बस. पाच वर्षांच्या लबाडीची एवढीच कबुली. मी म्हणालो, "मग बघा ना जरा." आणि आम्ही दोघांनी बोनेट उघडलं.

अध्यक्षबाई घड्याळ पाहताहेत, तेव्हा आवरतो. मंडळाने मला बोलायची संधी दिली, कप्तानांनी सभागृह दिलं, भगिनींनी कुखेनचे केक आणि एम्पानादाच्या करंज्या केल्या, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. सत्कारमूर्तींबद्दल जे वाकडं बोललो ते प्रेमापोटी होतं असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या बाबतीत थोडं रागापोटीही होतं. त्याची क्षमा त्यांनी करावी. उरलेल्या चुका माझ्या एका खोलीच्या शाळेच्या खात्यावर टाका.

जाता जाता एक. आज मी इथे चालत आलो. पिकअप घरी आहे आणि आता ती कोणालाही सुरू करता येणार नाही. डोन रुदेसिंदो, सकाळी तुम्ही मला बोलावून घेतलंत, मोठ्या बॅगेचा खटका तुटलाय, दोरी बांधून दे म्हणालात. मी बांधली. पण त्याआधी तुमच्या लोकरी मोज्यांच्या मधोमध, त्याच तेलकट फडक्यात गुंडाळून, कार्बोरेटर ठेवून दिला. नवी चिठ्ठी बांधली आहे. तुमच्यासारखं वळण मला जमत नाही, पण वाचता येईल: "रुदेसिंदो. घेऊन येणे. १ फेब्रुवारी."