सासूबाई बाहेर उभ्या होत्या

—नाही, तुझ्या परवानगीच्या कागदावर मी सही करणार नाही. आधी ती टोपी काढ, पोरी, माश्यासुद्धा हसतायत तुला. आणि हा नकाशा! आमच्या गावात चार आदिवासी जमाती, चार भाषा, चौघांची भूमी वेगळी — आणि तुमच्या सरकारने सगळ्यांना एकच पिवळा रंग फासलाय? रंग संपले होते का राजधानीत? बरं, रागावू नकोस. तुझ्याआधी आला होता ना, तो हॅलमसाहेब, तोही असाच भला होता. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस खुर्च्या मांडल्या, मटणाचे पॅटिस ठेवले, चहा ठेवला, आणि म्हणाला, ‘‘ओढ्यापलीकडच्या झऱ्याबद्दल कोण बोलणार?’’ सगळे गप्प. गप्प का? अगं, झरा त्यांचा नव्हताच! दुसऱ्याच्या भूमीबद्दल आमच्यात तोंड उघडत नाहीत. मग मी उठलो. मी, लेनी टॉमकिन्स, माझी भूमी इथून दोन दिवसांच्या वाटेवर — छाती काढून म्हणालो, ‘‘माझा झरा, साहेब, पणजोबांपासूनचा. खुशाल बांधा काय ते!’’ मागे आमचा डगी हसू दाबता दाबता चहा नाकातून काढत होता. गंमत गं, गंमत! असले कागद दरवर्षी येतात, उंदीर खातात. हा एकच कागद नेमका अंमलात येईल हे कोणाला ठाऊक?

झरा कोणाचा? माझ्या बायकोच्या आईचा. नाव नाही सांगता येत मला — जावयाने सासूचं नाव घ्यायचं नाही, तोंड बघायचं नाही, एका छपराखाली बसायचं नाही. लाज म्हणून नव्हे गं, मान म्हणून. म्हणजे मी आत, तर ती बाहेर. मी निघालो की ती येणार. एवढं साधं. हॅलमने कागदावर लिहून टाकलं, ‘हरकत कोणाचीच नाही.’

मला कुठे माहीत होतं, ती आलीय म्हणून?

...काय बघतेस अशी? बरं, माहीत होतं. पत्र्याला खाली फट आहे, त्यातून तिचे पाय दिसत होते — अनवाणी, धुळीने पांढरे. बाराच्या उन्हात उभी होती, मी उठून जायची वाट बघत. उठायला काय लागतं? गुडघे चांगले होते तेव्हा माझे. पण सगळे हसत होते ना, आणि साहेब मला ‘सर’ म्हणत होता — जन्मात कोणी म्हटलं नव्हतं — मी दुसरा पॅटिस घेतला. मग तिसरा. तिचे पाय दिसत होते तोवर खात होतो मी.

आता झऱ्याला सिमेंटचा काठ आहे, गाड्यांना जागा आहे, संडास आहेत. ती तिथेच जन्मली होती. लेकींना, नातींना तिथेच न्यायची. मला एक शब्द बोलली नाही, बोलणार कशी? बायकोकडून, नोरीनकडून, निरोप आला फक्त — ‘‘जावयाला विचार, पोट भरलं का?’’

आणि तू आता पलीकडची टेकडीही माझ्याकडेच मागायला आलीस. हॉटेल म्हणे! लिही, पोरी. लिही — लेनी टॉमकिन्स खोटं बोलला, झरा त्याचा नाही, टेकडी त्याची नाही. पूर्ण नाव घाल. डगी हसेल, हसू दे, सगळ्या गावाला वाचून दाखव. याच्यावर करतो सही. हां. झाली.

ती निळी गाडी वळली बघ — नोरीन चालवतेय, आणि शेजारी... नाही, मी नाही बघत, तूच बघ. मी निघतो. सरळ ओढ्यापर्यंत जातो, मागे न बघता. मी इथे असेपर्यंत ती गाडीतून पाऊल खाली ठेवायची नाही. तू हाक मारू नकोस, कागद पुढे करू नकोस. खुर्ची सावलीत ओढ, आणि गप्प बस. काय? अगं, मला काय विचारतेस अजून? सरक बाजूला — उतरू दे तिला!