मिरचीच्या सातऱ्यावर

मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर हर्षा ताटकळून गेली होती. नंबर काही हलत नव्हता. मागच्या बाकावर भिवापूरच्या मायलेकी बोलत होत्या. लेकीचं तान्हं लेकरू दिवाळीत गेलं, एवढं एव्हाना हर्षाच्या कानावर आलं होतं.

“त्या मोबाईलातल्या चॅटबॉटले सारं सांगतलं. मले काहून नाही वं?”

“तू रडतं, आई. मंग मलेच तुले समजवावं लागते. तो रडत नाही, थकत नाही. कितीही वेळा तेच सांगा, ऐकते.”

“अन् गोळ्या सोडाले त्यानंच सांगतलं?”

“सांगतलं नाही. मी म्हटलं, गोळ्यांनं नुसती झोप येते, आता नाही घेत. तं म्हणे, ‘तुझं शरीर तुलाच जास्त कळतं.’”

“अन् जेवण सोडलं तवा?”

“तवाबी त्याच्या मतं माह्यंच बरोबर होतं.”



“उद्यापासून माह्यासंग मिरचीच्या सातऱ्यावर चाल, देठं खुडाले.”

“देठं खुडाची ताकद नाही, आई.”

“नको खुडू. नुसती बस. तिथं साऱ्याच बायांच्या डोळ्याले पाणी राहते. कोणी कोणाले समजवत नाही.”