आत्याचा फोन

माझं नाव वंदना. वय पन्नाशीला टेकलंय, राजारामपुरीत राहते आणि टीव्हीवरच्या मालिका लिहिते. एवढं सांगितलं की माणसं आधी विचारतात पुढं काय होणार, आणि मग विचारतात, मुंबईला न राहता कोल्हापुरात बसून कसं काय लिहिता. तुम्ही हे सगळं लिहून घेणार म्हणून मी जरा सांभाळून बोलतेय, पण मध्येच आमची कोल्हापुरी घुसली, बाईच्या तोंडी आलो-गेलो आलं, तर राहू दे, सुधारू नका. आणि क्रमानं सांगते, म्हणजे तुम्हालाही सोपं आणि मलाही, कारण चारला मला सीन पाठवायचे आहेत.

जन्म इचलकरंजीचा. वडील यंत्रमागावर आणि आई त्याच शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारं सूत कांडीवर गुंडाळायचं काम, ते बहुतेक बायकाच करायच्या. आवाज असा की शेजारणीला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागायचा, त्यामुळं जेवणाची सुट्टी झाली की सगळ्या जणी दिवसभराचं साठलेलं एकदम बोलायच्या. त्यांना सिनेमाची लई हौस, पण घर, पोरं, कामाची पाळी, यातून थेटरात जायला सवड कुणाला. मग त्यांनी काय केलं, सगळ्यांनी मिळून पैसे काढून मला आणि माझ्या चुलतीला थेटरात पाठवायचं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शेडमागच्या लिंबाखाली बसून आख्खा सिनेमा सांगायचा. चुलती निम्म्या सिनेमात झोपायची, त्यामुळं सांगायचं काम माझ्याकडंच.

काय सांगू तुम्हाला, पुढं मी शिबिरं केली, पुस्तकं वाचली, पण लिहायला शिकवलं ते त्या बायकांनी. मी म्हटलं, ती रडली, की एकजण म्हणायची, नुसती रडली म्हणू नकोस, पदर तोंडात घालून रडली का भिंतीकडं तोंड करून, ते सांग. दुसरी म्हणायची, थांब गं, ती आजारी हाय हे त्याला ठावं हाय काय? ठावं असंल तर मग तो असा का बोलतोय? हा प्रश्न माझ्या डोक्यात जो बसला तो बसला. आज माझ्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर एकच गोष्ट, मालिकेतल्या कुणाला काय माहीत आहे. गौरीला काय माहीत, मालकांना काय माहीत, आत्याला काय माहीत. मालिका चालते ती ह्याच्यावर, भांडणावर न्हाय. ज्या दिवशी सगळ्यांना सगळं माहीत होतं त्या दिवशी मालिका संपते.

लग्न झालं, कोल्हापूरला आले. आमचे हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, माझं लिखाण वाचत नाहीत पण एपिसोड चुकवत नाहीत. मी आधी हौशी मंडळासाठी एकांकिका लिहायची आणि तिथंच सुमनमावशी भेटल्या. मावशी म्हणजे जन्मभर रंगमंचावर उभी राहिलेली बाई, गावोगावच्या जत्रेत नाटकं केलेली, आवाज असा की माईक बंद पडला तरी मागच्या माणसाला ऐकू जाणार. मला पहिल्याच तालमीत म्हणाल्या, वंदे, वाक्य चांगलं हाय गं, पण म्हणताना दम लागतोय, तू कधी म्हणून बघतीस का नुसतं लिहितीस? तेव्हापासून मी प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणून बघते. शेजारच्यांना वाटतं आमच्यात रोज भांडणं चालतात.

मग मालिकांचं चित्रीकरण कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत सुरू झालं आणि मला काम मिळालं. ही आत्ताची मालिका माझी सगळ्यात मोठी. गौरी नावाची मुलगी, ती मालकांच्या वाड्यात वाढते, आणि तिला वाढवणारी आत्या. आत्याचं काम सुमनमावशींना द्यायचं हे मी कथा सुचली तेव्हाच ठरवलं होतं. बायका रस्त्यात थांबवून म्हणायच्या, ताई, आत्या अगदी आमच्या आत्यासारखीच दाखवलीय बघा.

तर गेल्या वर्षी एक दिवस सेटवरून फोन आला. साधा सीन होता, गौरी नोकरी लागल्याचं सांगते आणि आत्या तिला जवळ घेते. मावशी गौरीकडं बघून खणखणीत आवाजात म्हणाल्या, दार लावून घे, पाटील आलेत. ते वाक्य होतं त्यांच्या कुठल्यातरी जुन्या नाटकातलं. सगळे हसले, मावशीपण हसल्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही. मी सेटवर गेले तर मावशी मेकअपच्या खोलीत कागद धरून बसलेल्या, एकच ओळ परत परत म्हणत होत्या आणि कागद खाली ठेवला की ओळ गेलेली.

घरी येऊन मी विचार केला, रडून काय होणार, काय करता येईल ते बघू. एक, वाक्यं लहान करायची. दोन, मावशींना उत्तरं द्यायला लावायची नाहीत, प्रश्न विचारायला लावायचे, कारण प्रश्न समोरच्याच्या तोंडाकडं बघून सुचतो. आणि तिसरं म्हणजे त्यांच्या हातात काम द्यायचं. शेंगा फोडा, लसूण सोला, काहीपण. हात चालू असले की माणूस जागेवर राहतो. बरेच महिने असं निभावलं. प्रेक्षकांना वाटलं आत्या आता विचारी झाली.

मावशींना मात्र लगेच कळलं. एकदा शेंगांनी भरलेलं सूप मांडीवर घेऊन मला म्हणाल्या, का गं वंदे, माझी वाक्यं कुणी खाल्ली? मी म्हटलं, आत्या कमी बोलली की जास्त परिणाम होतो मावशी. त्या म्हणाल्या, मला खुळी समजतीस व्हय? नाटकात असताना आम्ही पण दारू पिऊन आलेल्या नटाची वाक्यं अशीच दुसऱ्याला वाटून द्यायचो. मी त्यांच्या सुपातल्या मूठभर शेंगा घेऊन फोडत बसले.

मग चॅनलवाल्यांच्या लक्षात आलं. चॅनलकडून आमची मालिका बघते ती ईशा, मुंबईची मुलगी, हुशार आहे, वाईट अजिबात नाही. तिनं फोनवर सांगितलं, मॅम, आत्याचा डेथ ट्रॅक मंजूर झालाय, आठवडाभर चालवू, प्रोमो करायला घेतोय. आमच्या धंद्यात म्हातारं पात्र मरणं म्हणजे एक ठरलेला सण असतो बघा. सगळी पात्रं एकत्र येतात, जुनी भांडणं मिटतात, नवी लागतात, रेटिंग चढतं. आणि मग भिंतीवर हार घातलेला फोटो लागतो आणि मालिका संपेपर्यंत जो तो त्याच्यापुढं उभा राहून मनातलं बोलतो. लेखकाला फोटो लई सोयीचा असतो, उलट बोलत नाही.

मावशींना हे मीच सांगायला गेले, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून. त्यांची सून राणी, तिनं चहा दिला आणि बसली. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मरायचं मला काय न्हाय गं, स्टेजवर मी लई वेळा मेलो, विष खाऊन मेलो, हिरीत पडून मेलो, पडदा पडला की उठून चहा प्यायचो. पण तो फोटो लावू नको. मी म्हटलं, का मावशी, अपशकुन वाटतो काय? तर म्हणाल्या, अपशकुन कसला, उद्या माझं डोस्कं अजून गेलं, समोर टीव्ही लागला आणि त्यात माझाच हार घातलेला फोटो दिसला, तर मी हाय का न्हाय ते मला कोण सांगणार?

राणी उठून आत गेली. मी म्हटलं, न्हाय लावत मावशी. म्हटलं खरं, पण ते माझ्या हातात कुठं होतं.

ईशाला फोन करून म्हटलं, आत्या मरणार नाही, माहेरी जाईल, चिकोडीकडं तिचं माहेर आहे असं आपण पहिल्या एपिसोडला म्हटलंय. ईशा म्हणाली, मॅम, बाई माहेरी गेली ह्याला कोण आठवडाभर बघणार? मुद्दा बरोबर होता तिचा. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. मग मी कपाटाचं दार उघडून कागदाकडं बघत उभी राहिले. त्या कागदावर एक गोष्ट अशी होती की जी फक्त आत्याला आणि मालकांना माहीत होती, गौरीची खरी आई कोण. पहिल्या दिवसापासून प्रेक्षक त्याच्यासाठी थांबलेले. मी ते अगदी शेवटाला राखून ठेवलं होतं, अडीअडचणीला आजीनं पेटीच्या तळाला सोनं ठेवावं तसं. मी ईशाला म्हटलं, मी ते देते. आत्या जाताना गौरीला सांगून जाईल. मग ती म्हणाली, आणि मॅम, नंतर काय दाखवायचं? मी म्हटलं, बघू.

तो सीन माझ्या आयुष्यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात अवघड सीन. एवढी मोठी गोष्ट सांगायची आणि सांगणारीला दोन वाक्यं सलग आठवत नाहीत. मग मी सगळं गौरीच्या तोंडी घातलं. आत्या शेंगा फोडतेय, गौरी समोर बसून एकेक विचारते, ती ह्याच घरातली काय, जिवंत हाय काय, आणि शेवटी नाव घेऊन, तीच काय. आणि आत्यानं फक्त व्हय म्हणायचं. मावशींनी तीनदा व्हय म्हटलं आणि तिन्ही वेगळे. शेवटच्याला त्या शेंग फोडायच्या थांबल्या. ते मी लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्या एसटीत बसून माहेरी गेली. आमच्या ह्यांनी फौंड्रीतून फोन केला, म्हणाले, सगळं खातं विचारतंय, म्हातारी परत येणार न्हवं?

रेटिंग चढलं आणि मग जे व्हायचं तेच झालं. गुपित फुटलेली मालिका म्हणजे हवा गेलेली ट्यूब, किती दिवस ढकलणार. मी छोटी छोटी गुपितं आणून बघितली, पण लोक खुळे नसतात. ह्या महिन्यात मालिका बंद होतेय. मेकअपवाले दादा मला परवा म्हणाले, मॅडम, एक बाई वाचवली आणि आख्खं घर बुडवलं की हो तुम्ही. हसत म्हणाले, पण खरंच म्हणाले. त्यांच्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाकलाय, बाकीच्यांसाठी पण चाललंय माझं. माझंही बघायचंय.

आता फोनचं सांगते. आत्या माहेरी गेली म्हटल्यावर अधूनमधून तिची खबर यायला पाहिजे, म्हणून मी गौरीला फोन करायला लावायची. पलीकडचा आवाज ऐकू येत नाही, गौरीच बोलते. जेवलीस काय आत्या, तिथं थंडी हाय काय, असलं साधंच. एक दिवस राणीचा मला फोन, ताई, संध्याकाळी सातला आमच्याकडं या, एक दाखवायचंय. गेले. मावशी टीव्हीसमोर बसलेल्या, मला ओळखलं नाही, बसा पावणं म्हणाल्या. मालिका लागली. गौरीनं फोन कानाला लावला आणि विचारलं, जेवलीस काय आत्या? मावशी म्हणाल्या, जेवलो की. आंबाड्याची भाजी आणि भाकरी. आता तुला सांगतो गौरे, हितली सून हाय न्हवं, ती मीठ... आणि तेवढ्यात गौरी पुढचं वाक्य बोलली. मावशी चिडल्या. बोलू दे की मला, मधी मधी काय करतीस! राणी हसायला लागली, मीठ कमी पडतं म्हणतात रोज, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

मी घरी येऊन पुढचा फोन लिहिला आणि प्रत्येक प्रश्नानंतर जागा सोडली. डायरेक्टर म्हणाले, एवढा पॉज? प्रेक्षकाला वाटेल टीव्ही अडकला. मी म्हटलं, वाटू दे. एडिटर कापायचा, त्याला चहा पाजून समजावला. राणीकडून कळायचं, आज पॉज पुरला, आज कमी पडला, आज मावशी काही बोलल्याच नाहीत, नुसत्या मान हलवत होत्या. त्याप्रमाणं मी पुढचं लिहायची. मालिका घराघरात बघतात म्हणतात, पण हे दोनचार सीन मी एकाच घरासाठी लिहिले, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

आज जे सीन पाठवायचे आहेत ते शेवटच्या एपिसोडचे. ईशा म्हणाली, सगळी पात्रं एकत्र आणू या, आत्याचा आवाज दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. मी नको म्हटलं. तिनं फार ताणलं नाही, तिची पण आजी आहे.

शेवटी गौरी फोन लावते. म्हणते, आत्या, आम्ही सगळी हितंच हाय, तू बोल. फोन तिच्या कानाला, बाकीची माणसं मागं उभी, आणि त्याच्यापुढं मी काही लिहिलेलं नाही. सकाळी फोनवर हा सीन सांगितला तर डायरेक्टरनी विचारलं, मॅडम, इथं कॅमेरा किती वेळ धरू?

मी म्हटलं, तिचं बोलून होईपर्यंत.