मी रिकामी जागा साफ केली

...आणि वर ऑफिसातले मलाच विचारतात, "ताई, तुम्ही कशाला हात लावला होता का?" आता हात न लावता काम होतं का, तुम्हीच सांगा. बावीस वर्षं मी या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे, पेशंट घरी गेला की त्याचे कागद माझ्याकडे येतात, मी पिना काढते, एकेक पान स्कॅन करते, कॉम्प्युटरमध्ये साठवते, आणि आजवर माझ्या हातून एक पान गहाळ झालेलं नाही... होईल कसं, मी प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती ठेवते ना. एक 'नवीन', एक 'नवीन पक्की' आणि एक 'नवीन पक्की शेवटची'. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. पण हेतू वाईट नव्हता हो माझा.

तर झालं काय, दोन महिन्यांपासून सगळं हॉस्पिटल रखडायला लागलं. म्हणजे जुनं काही उघडायला गेलं की पटकन उघडतं, पण नवीन साठवायला गेलं की ते चाक फिरतंय... फिरतंय... मी एक पान साठवायला टाकून पाण्याची बाटली भरून आणते, तरी चाक तिथंच. माझं एक वेळ ठीक, पण डिस्चार्जच्या खिडकीवर बघा, माणसं पिशव्या भरून उभी, पेशंट चाकाच्या खुर्चीत बूट घालून तयार, आणि खिडकीतली बाई म्हणतेय, "थांबा हो, साठवतंय." "अर्धा तास झाला, काय साठवतंय एवढं?" "मला काय माहीत, सर्व्हरवाल्यांना विचारा." झालं, जो तो सर्व्हरवाल्यांच्या नावानं खडे फोडतोय, "दिवसभर गार खोलीत बसून असतो नुसता."

आता हे सर्व्हरवाले म्हणजे अगदी साधा माणूस. मला मावशी म्हणतात, माझ्या स्कॅनरमध्ये कागद अडकला की तीन जिने चढून येतात. कंत्राटावर आहेत, दर वर्षी टांगती तलवार. आणि मोठ्या साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं, "सोमवारपर्यंत हे सुधारलं नाही, तर आम्ही दुसरा माणूस बघतो."

त्याच दिवशी ते माझ्याकडे आले. म्हणाले, "मावशी, तुमच्या टेबलावर आहे तो नुसता पडदा. खरे कॉम्प्युटर खाली, असे चाळीस, एकाच यंत्राच्या पोटात, आणि चाळिसांचं सामान एकाच गोदामात. प्रत्येकाला सांगितलंय, ही मोठी खोली तुझी. तेवढी जागा मुळात नाहीच, सगळे एकदम भरणार नाहीत या भरवशावर दिलीय." मी म्हटलं, "अहो, पण माझ्याकडे तर अर्धी जागा रिकामी दिसतेय." "तुम्हाला दिसतेय. मागचं गोदाम गच्च आहे. मोकळं असलं की सामान आणलं, ठेवलं, संपलं. आता एक पान ठेवायचं तरी दहा ठिकाणचं सरकवून फटी शोधायच्या, म्हणून वेळ लागतो." मला लगेच कळलं हो, भरलेल्या कपाटात एक चादर कोंबायची म्हणजे आधी निम्मं कपाट पलंगावर काढावं लागतं, तसंच ते. मग त्यांनी हळूच विचारलं, "मावशी, तुमच्याकडचं काही जास्तीचं आहे का?" आणि मी काय म्हणावं? म्हटलं, "छे हो, सगळं लागतं." कोणाशी कधी खोटं बोलत नाही मी, आणि बोलले ते नेमकं कोणाशी... ते "बरं" म्हणाले आणि गेले. त्या दुपारी मी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

मग ठरवलं, गुपचूप निस्तरायचं. शुक्रवारी सगळे जेवायला गेल्यावर बसले आणि जास्तीच्या प्रती पुसल्या, सगळ्या, एकूण एक... एक पान साठवून बघितलं. चाक फिरतंच आहे. आता काय करावं? नणंदेला फोन लावला, ती एका ऑफिसात कॉम्प्युटरवर असते आणि तिला ठाऊक नाही असं जगात काही नाही. "अगं वहिनी, नुसतं पुसून काय होतंय? मागं डाग राहतात. रिकामी जागा घासून काढायची असते, त्याचं बटण असतं. तुला ना, प्रत्येक गोष्ट हाताला धरून शिकवायची." शिकवली तिनं, फोनवरून, आणि मी दाबलं बटण. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली, 'रिकामी जागा साफ होत आहे'. तुम्हाला सांगते, इतकं हलकं वाटलं, मी फडकं घेऊन टेबलसुद्धा पुसून काढलं. हेतू वाईट नव्हता हो माझा.

दोन वाजता हॉस्पिटल थांबलं. रखडलं नाही, थांबलं. खिडकीतली बाई हातानं डिस्चार्ज कार्ड लिहितेय आणि तिचं अक्षर तिलाच लागत नाहीये, साहेब जिन्यात उभे राहून म्हणतायत, "सोमवार कशाला, आजच सामान आवरायला सांगा त्याला."

मी तशीच खाली गेले. गार खोलीत ते स्वेटर घालून जमिनीवर बसले होते. मी सगळं एका दमात सांगून टाकलं, प्रती, खोटं, नणंद, बटण. ते म्हणाले, "मावशी, ते बटण रिकाम्या जागेत काठोकाठ केर भरतं आणि मग तो पुसतं. तुम्हाला वाटलं साफ होतंय, गोदामाला वाटलं तुमचं सामान येतंय. भरवशावर दिलेली ती अख्खी खोली तुम्ही एका दुपारीत वसूल केलीत."

"आणि मी पुसलं होतं ते?"

"ते नकोय असं गोदामाला कुणी कळवलंच नाही. त्याच्या लेखी ते अजून तिथंच आहे. मी कळवलं असतं, पण जास्त जागा खाणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव तुमचं असलं तरी रेकॉर्डला तुमच्या शब्दाशिवाय हात कसा लावू?"

"म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो. पण तुम्ही म्हणालात ना, सगळं लागतं."

रागावले असते तर बरं झालं असतं हो. ही अशी शांत माणसंच मनाला फार लागतात.

मग मीच गेले साहेबांपुढे. म्हटलं, "चूक माझी आहे, त्यांची नाही, त्यांना काढू नका." साहेब म्हणाले, "लेखी द्या. आत्ता, इथंच, कॉम्प्युटरवर." बसले त्यांच्या खुर्चीत, दीड पान लिहिलं, काही म्हणून लपवलं नाही, नणंदेचं नाव तेवढं गाळलं. 'साठवा' दाबलं... 'जागा अपुरी आहे.' पुन्हा दाबलं... जागा अपुरी आहे. बघा, कबूल करायला निघाले तर तेही घेईना. साहेब घड्याळ बघतायत, मी पडदा बघतेय, आणि खाली ते बिचारे माझाच केर उपसतायत. तासाभरानं फोन वाजला, "मावशी, आता दाबा."

दाबलं, आणि बोट उचलायच्या आत साठवलं गेलं. चाक फिरायलाही वेळ मिळाला नाही. साहेब खुर्चीच्या मागून वाकून बघत होते, एकदम खूश, "वा, काय पळतंय. चांगला माणूस आहे, राहू दे त्याला." त्या दीड पानातलं एक अक्षर त्यांनी वाचलं नाही... ते आता माझ्या नावावर जन्मभर तसंच राहील, आणि ज्याला उघडायचं असेल त्याला ते अगदी पटकन उघडेल.