रोज दोनदा धुतलेलं खुराडं

...नाही, पण ओरडायची काय गरज होती, मी म्हणते! जनावरांचा दवाखाना, बाकडी गच्च भरलेली, कुणाच्या मांडीवर ससा, कुणाच्या पायाशी कुत्रा, आणि आतल्या दारातून तो कंपाउंडर नुसतं मुंडकं बाहेर काढतो आणि भोंग्यासारखा ओरडतो, "कोंबड्यांचे जंत कोणाचेऽऽऽ?"

सांगा आता, तोंड कुठे लपवायचं माणसानं?

म्हणजे जंत कोंबड्यांचे, कबूल. पण कोंबड्या कोणाच्या? माझ्या! जिच्या घरात ओला चमचा ड्रॉवरमध्ये जात नाही, तिच्या! आमचे हे तर पाहुण्यांना सांगतात, "हिच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून येते." आणि तुम्हाला सांगते, मला त्याचा राग नाही यायचा हो... बरं वाटायचं.

तर मागच्या अंगणात कोंबड्या आहेत माझ्या, त्यातली एक राणीसरकार. नावाप्रमाणेच तोरा! दाणे उशिरा टाकले तर पाठ फिरवून बसणार. तिचा तो लालभडक तुरा बघता बघता विटक्या फडक्यासारखा झाला. खायची बकाबका, आणि उचलली तर कापसासारखी हलकी, छातीचं हाड हाताला बोचतंय. शेपटीखाली सगळं बरबटलेलं, अंडी बंद. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "कोंबडी आणा, आणि ताजी शीट आणा." आता शीट न्यायची म्हणजे... मी आपली बाटलीत भरली, बाटली पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर कागद, वर रबर. कंपाउंडर म्हणतो, "बाई, वाढदिवस आहे का कुणाचा?"

हसा, हसा. पुढे ऐका. बाकड्यावर जागा कुठे मिळावी? नेमकी वन्संच्या शेजारी! वन्सं म्हणजे ह्यांची बहीण, मांडीवर तिची ती जाडी मांजर. आणि मी तिला आजवर काय काय ऐकवलंय! "वन्सं, मांजर गादीवर नको हो, केस बघा." "वन्सं, त्या कपाटावर बोटानं नाव लिहिता येईल हो."

"वहिनी! तुम्ही इथे? टोपलीत काय?"

"काही नाही... कोंबडी. नखं कापायला आणलीय."

"कोंबडीची नखं?"

"हो, आमच्याकडे कापतात!"

आणि तेवढ्यात, "कोंबड्यांचे जंत कोणाचेऽऽऽ?"

मी भिंतीकडे बघायला लागले. भिंतीवर गाईचं चित्र होतं. इतकं निरखून मी लग्नात नवऱ्याकडे पाहिलं नव्हतं! पुन्हा ओरडला. मी गाईची शिंगं मोजतेय. सगळे एकमेकांकडे संशयानं बघतायत, एकानं तर सशाला जवळ ओढलं. कंपाउंडर म्हणाला, "नाहीये का कोणी? मग पुढचा नंबर!" आणि टोपलीतल्या फडक्याखाली राणीसरकारनं मान टेकवली हो... माझ्या मनगटावर. डोळे मिटलेले.

उठले. म्हटलं, "माझे." मग म्हटलं, "म्हणजे... हिचे." तोंड कुठे लपवायचं सांगा!

वन्सं आत आलीच, "सोबत म्हणून." डॉक्टर म्हणाले, "काचेखाली अंडीच अंडी दिसतायत. जंतांची. कोंबडीची बंद, ह्यांची जोरात चालू. खुराडं कधी साफ करता?"

झालं! माझी मान ताठ. म्हटलं, "रोज दोनदा! पाइप लावून! भिंती, तळ, पुढची माती, काही सोडत नाही!"

"आणि दाणे?"

"तिथेच टाकते, धुतल्या धुतल्या. स्वच्छ असतं ना!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणूनच. शिटेतून जंतांची अंडी पडतात, ओल आणि ऊब मिळाली की तयार होतात, आणि दाण्याबरोबर परत पोटात. कोरडी जागा त्यांना मानवत नाही. बाई, तुम्ही कोंबड्या नाही पाळल्या, जंत पाळलेत. आणि छान पाळलेत!"

वन्संनं तोंड मांजरीत खुपसलं. तिला मिळाली जागा, मांजर होती ना! माझ्याकडे काय, तीच कोंबडी!

मग डॉक्टर विचारतात, "अंडी कुणी कुणी खाल्ली?" वन्संचं हसू खाडकन बंद. "मी! मला वहिनींनीच दिली! 'घरची आहेत, स्वच्छ आहेत' म्हणून!" डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, हे जंत माणसाच्या पोटात नांदत नाहीत. पण औषध दिलं की बाटलीवर लिहिलेत तितके दिवस अंडी खायची नाहीत, कुणाला द्यायचीही नाहीत." आता अख्ख्या गल्लीला अंडी देणारी मी! म्हटलं सांगू, कोंबड्या सुट्टीवर आहेत. पण वन्संचे पाय माझ्यापेक्षा जलद. दुसऱ्याच दिवशी शेजारीण कुंपणावरून विचारते, "काय हो, जंत कसे आहेत?" जशी काही माहेरची माणसं राहायला आलीयत!

तोंड लपवायला घरात जावं, तर घरात हे हसतायत.

औषध एकट्या राणीसरकारला नाही हं, सगळ्यांना, एकेकीचं वजन करून. ह्यांनी धरायचं, मी चोचीच्या कडेनं थेंब थेंब सोडायचे, आणि निम्मं औषध ह्यांच्या शर्टावर! डॉक्टरांनी सांगितल्या वेळी परत एकदा तोच तमाशा. आणि पाइप? ह्यांनी कुलपात ठेवला! खाली कोरडा भुसा, घाण कोरडीच उचलायची, दाण्याचं भांडं उंच टांगायचं, खुराड्यापुढची जाळी उन्हाच्या बाजूला हलवायची, जुन्या जागेला विश्रांती. मी आपली दारात उभी, हात शिवशिवतायत, समोर धूळ... माझ्या मालकीची धूळ! आणि त्या बयांनी काय करावं? त्यात लोळल्या! राणीसरकार कुशीवर पडून, पंख पसरून, अंगावर धूळ उडवून घेतेय, तुरा पुन्हा लाल. एवढं धुतलं मी त्यांचं घर, कधी असा चेहरा केला नाही हो मेलीनं. मला रडायला आलं. आनंदानंच... थोडं अपमानानंही.

मग पुन्हा तपासणी. म्हटलं, ऐकू दे जगाला! वन्संला म्हटलं, "चला ना सोबत." म्हणाली, "मांजर झोपलीय." गेले एकटीच. कंपाउंडरनं मुंडकं काढलं, तोच भोंगा, "कोंबड्यांना जंत नाहीऽऽऽत!"

मी ताठ मानेनं वळले. बाकडी रिकामी! एक माणूस फोनवर बोलत बाहेर गेलेला, आणि त्याचं खोक्यातलं कासव. कासवानं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. आणि सावकाश डोकं आत ओढून घेतलं.

म्हटलं, बघा... ह्याची तरी सोय आहे.